बसची पायरी खाली कशी आली?

१. थांब्यावरचा प्रश्न

साखरखेर्ड्याच्या थांब्यावर मेहकरची गाडी लागली की एक दृश्य हमखास दिसते. तरणी पोरे खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, आणि दाराशी एखादी आजी डाव्या हाताने दांडा धरून, उजवा हात गुडघ्यावर ठेवून पहिल्या पायरीकडे बघत उभी असते. मागून कुणीतरी आधार देते, वरून कंडक्टर हात देतो, मग आजी वर जाते. दम घेता घेता ती जे विचारते, ते आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकले आहे : “काहून रे बाबू, एवढ्या उंच पायऱ्या कशाले करतेत?”

प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर शोधायला जगातल्या बस बनवणाऱ्यांना जवळपास सत्तर वर्षे लागली. पायरी खाली आणायची आणि त्याच वेळी बस लांबही करायची, ही दोन कामे एकमेकांच्या आड येत होती. ती जुळली तेव्हा अठरा मीटर लांबीची, मधोमध वळणारी आणि रस्त्यापासून जेमतेम वीतभर-दीड वीत उंचीच्या तळाची बस तयार झाली. तिला लो फ्लोअर जोडबस म्हणतात. ही त्या बसची गोष्ट.

सुरुवात मात्र हत्तीपासून करू. आपले गाव इतिहासाच्या पुस्तकात येते ते ११ ऑक्टोबर १७२४ च्या लढाईमुळे. निजामुल्मुल्काने मुबारिजखानाचा इथे पराभव केला आणि दख्खनमध्ये निजामाचे राज्य पक्के झाले. त्या काळी सरदार हत्तीवर बसून लढत. आता एवढ्या उंच जनावरावर माणूस चढणार कसा? त्याला दोनच मार्ग. हत्तीला खाली बसवायचे, नाहीतर माणसाने उंच ओट्यावर चढून तिथून अंबारीत पाऊल टाकायचे. बसच्या बाबतीतही हेच दोन मार्ग आहेत. पुढचे सगळे वाचताना हा हत्ती आणि हा ओटा डोळ्यांसमोर राहू द्या.

२. बस ही ट्रकची लेक

बसचा तळ उंच का असतो, हे कळण्यासाठी बैलगाडीखाली वाकून पाहा. एका चाकाच्या तुंब्यातून दुसऱ्या चाकाच्या तुंब्यात एक आडवा कणा गेलेला असतो आणि गाडीची साटी त्या कण्यावर टेकलेली असते. म्हणजे साटी चाकाच्या मध्यापेक्षा खाली येऊ शकत नाही. चाक मोठे तर गाडी उंच.

ट्रकचेही असेच. फरक इतकाच, की ट्रकच्या मागच्या कण्याच्या पोटात दातेरी चक्रांचा मोठा गोळा असतो. पुढच्या इंजिनाची ताकद एका लांब फिरत्या दांड्याने त्या गोळ्यापर्यंत येते आणि तिथून चाकांना मिळते. कणा, त्यावर पाटे, त्यावर चेसीच्या दोन लांब लोखंडी तुळया आणि त्यावर तळ. थरावर थर चढत जातात आणि माल भरायची फळी माणसाच्या कमरेच्या वर जाते. ट्रकला त्याचे काही वाटत नाही. पोत्यांचे गुडघे दुखत नाहीत.

बस जन्मली ती याच चेसीवर. महाराष्ट्रात एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर धावली. तेव्हापासून अनेक दशके रीत एकच राहिली. कारखान्यातून इंजिनासह चेसी यायची आणि दापोडी, चिकलठाणा किंवा हिंगण्याच्या कार्यशाळेत तिच्यावर बसचा सांगाडा चढायचा. ड्रायव्हरशेजारच्या तापलेल्या बोनेटवर गोधडी टाकून बसलेले प्रवासी आठवतात ना? ते बोनेट म्हणजे ट्रककडून आलेला वारसा. उंच पायरीही त्याच घरातून आलेली.

म्हणजे आजीच्या प्रश्नाचे पहिले उत्तर असे : पायऱ्या कुणी मुद्दाम उंच केलेल्या नाहीत. तळ उंच, म्हणून पायऱ्या.

३. पहिली खटपट

हे कोडे फार पूर्वीच काहींच्या लक्षात आले होते. लंडनमध्ये १९२३ साली एनएस नावाची दुमजली बस रस्त्यावर आली. तिच्या चेसीच्या तुळया सरळ न ठेवता दोन कण्यांच्या मधल्या भागात खाली वाकवल्या होत्या. झोळीची दोन्ही टोके बांधली की मधला भाग खाली लोंबतो, तसे. तळ खाली आला, चढणे सोपे झाले आणि बस कलंडण्याची भीती कमी झाल्याने पुढे वरच्या मजल्याला छप्परही घालता आले.

त्याच सुमारास अमेरिकेत फेजॉल बंधूंनी ट्रकची चेसी उसनी न घेता मुळापासून प्रवाशांसाठी म्हणून बुटकी गाडी बनवली. तिचे नावच ‘सेफ्टी कोच’, म्हणजे सुरक्षित गाडी. फेजॉल हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

पण वाकवलेल्या चेसीने अर्धाच प्रश्न सुटला. मागच्या कण्यातला गोळा तिथेच होता आणि पुढचे इंजिनही जागच्या जागीच. दुसऱ्या महायुद्धानंतर तर गाडी उलटीच फिरली. आत जास्त माणसे बसावीत म्हणून काही कारखान्यांनी इंजिन आडवे करून थेट तळाखाली टाकले. आतली जागा मोकळी झाली, पण इंजिनाच्या उंचीएवढा तळ पुन्हा वर गेला.

४. बस लांब करायची, पण वळवायची कशी?

आता दुसरा धागा. शहरे वाढली, गर्दी वाढली. एका ड्रायव्हरने जास्त माणसे न्यावीत, ही प्रत्येक वाहतूक संस्थेची इच्छा. शहरात चालणारी साधी मोठी बस सुमारे १२ मीटरची असते. ती १८ मीटरची केली तर दीडपट माणसे मावतील. पण अखंड १८ मीटरची पेटी चौकात वळणार नाही. तिचे शेपूट पानटपरीवरून जाईल.

उपाय सुतारालाही सुचेल : मधे बिजागरी घाला. मात्र दाराची बिजागरी एकाच दिशेने फिरते. बसला डावी-उजवीकडे वळावे लागते आणि चढ-उतारावर वरखाली लवावेही लागते. म्हणून जोडबसचा सांधा हा जात्यासारखा असतो. खालची तळी एका भागाला, वरची दुसऱ्या भागाला, आणि मधे खुंटा. एक तळी दुसरीवर फिरते, शिवाय थोडी झुकतेही. या सांध्याभोवती रबरी कापडाच्या घड्या लावतात, बाजाच्या पेटीच्या भात्यासारख्या. बस डावीकडे वळली की डाव्या घड्या मिटतात आणि उजव्या उघडतात. आतला प्रवासी पुढच्या भागातून मागच्या भागात चालत जाऊ शकतो. अशी १८ मीटरची बस साधारण १२ मीटरच्या बसएवढ्याच जागेत वळते.

फेजॉल पुन्हा येतात ते इथे. त्यांच्या ट्विन कोच कंपनीने १९३८ मध्ये ‘सुपर ट्विन’ नावाची लांब जोडबस काढली. पण तिचा सांधा फक्त वरखाली लवत असे, वळत नसे. म्हणून वळण्यासाठी पुढच्या आणि मागच्या टोकाची चाके फिरवावी लागत. कल्पना धाडसी होती, पण ती पसरली नाही.

युरोपात युद्धानंतर बसला मागे प्रवाशांचा वेगळा डबा जोडण्याची पद्धत होती. आपल्याकडे ट्रॅक्टरला ट्रॉली लावतात तसेच. पण मागच्या डब्याला वेगळा कंडक्टर लागे, आणि डबा डुलला तर ड्रायव्हरला कळत नसे. अशा डब्यांवर बंधने आली तशी एकसंध जोडबस पुढे सरकली. हंगेरीतल्या इकारस कारखान्याची २८० क्रमांकाची जोडबस १९७० च्या दशकात आली आणि तिच्या ६० हजारांहून अधिक गाड्या बनल्या. बुडापेस्टपासून मॉस्कोपर्यंत तिचे भाते उघडत-मिटत राहिले.

५. मुंबईची ट्रेलर बस

या गोष्टीत मुंबईही आहे. मुंबईत १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट पहिली बस धावली आणि १९३७ मध्ये दुमजली बस आली. पुढे बेस्टने एक निराळीच गाडी चालवली : पुढे ट्रकसारखी ड्रायव्हरची केबिन आणि तिच्या पाठीवर टेकलेला दुमजली डबा. मुंबईकर तिला ट्रेलर बस म्हणत. ड्रायव्हर एका गाडीत, प्रवासी दुसऱ्या गाडीत आणि दोघांमध्ये फक्त घंटीचे नाते.

इंजिन आणि ताकद देणारी चाके दोन्ही पुढच्या ट्रॅक्टरच्या वाट्याला आल्याने डब्याच्या पोटाखालून फिरता दांडा जात नव्हता, डब्याच्या चाकांमध्ये दातेरी गोळाही नव्हता. दुमजली डब्याला हे फार सोयीचे. खालचा तळ खाली ठेवता आला तरच वरच्या मजल्यावर माणूस ताठ उभा राहू शकतो.

ट्रेलर बस लांबलचक होती, अवजड होती, आणि कालांतराने ती रस्त्यावरून गेली. पण पुढे जगाने जे सूत्र पकडले ते तिच्यात उघड दिसत होते : प्रवाशांच्या पायाखालून यंत्र काढा, तळ आपोआप खाली येतो.

६. ओढायचे की ढकलायचे?

मग जोडबसमध्ये इंजिन ठेवायचे कुठे? इकारससारख्या बसमध्ये ते पुढच्या भागाच्या तळाखाली असे आणि मधली चाके फिरवी. पुढचा भाग मागच्याला ओढून नेई. ही पद्धत सरळ आणि सुरक्षित, पण इंजिन तळाखाली, म्हणजे तळ उंच.

दुसरा पर्याय इंजिन अगदी शेवटी, मागच्या भागाच्या शेपटीत ठेवण्याचा. मग पुढचा सगळा तळ मोकळा. पण आता मागचा भाग पुढच्याला ढकलणार, आणि ढकलणे म्हणजे काय ते ट्रॅक्टर चालवणाऱ्याला विचारा. सोयाबीनची ट्रॉली सरळ ओढून नेणे सोपे असते. तीच ट्रॉली बाजार समितीच्या आवारात मागे घेताना मात्र बांधावरचे सगळे शहाणे ‘अजून डावीकडे, अजून डावीकडे’ ओरडतात आणि ट्रॉली काटकोनात वळून बसते. कारण ट्रॉली मागे घेणे म्हणजे तिला सांध्यातून ढकलणे, आणि ढकललेला सांधा सरळ राहत नाही. तो चाकूच्या पात्यासारखा मिटतो.

पावसात निसरड्या रस्त्यावर बस अशी मिटली तर अनर्थच. यावर १९७० च्या दशकात जर्मनीत हँबुर्गच्या फाल्केनरीड कार्यशाळेत उपाय निघाला. बँकेचे काचेचे दार आपोआप हळू मिटते, आपटत नाही. त्याच्या वर तेलाची नळी असते, ती दाराचा वेग आवरते. जोडबसच्या सांध्यात तसाच, पण कितीतरी मजबूत बंदोबस्त केला. ड्रायव्हरने जितके वळवले त्याच्या मानाने सांधा जास्त वाकू लागला की तेलाचा दाब त्याला आवरतो. त्या दशकाच्या अखेरीस मर्सिडीजच्या ओ ३०५ जी या बसने हे तंत्र मोठ्या प्रमाणावर रस्त्यावर आणले.

खरा दरवाजा उघडला तो इथे. इंजिन शेपटीत गेले आणि तरी बस सरळ चालली, म्हणजे पुढचा तळ खाली आणायला आता कुणाची हरकत उरली नाही.

७. हत्ती बसला

तळ खाली आणण्याची कामगिरी चार युक्त्यांनी पार पडली.

*पहिली, पसारा हलवला.* घरात पाहुणे आले की आपण पसारा माळ्यावर टाकतो. बसवाल्यांनी तेच केले. इंजिन मागे गेले. पुढच्या काळात गॅसच्या टाक्या, वातानुकूलनाची यंत्रे आणि बॅटऱ्या छपरावर गेल्या.

*दुसरी, कणा खाली वाकवला.* चाकांना ताकद देणारा कणा तुंब्यातून सरळ न नेता चाकाजवळ दातेरी चक्रे घालून खाली उतरवला आणि मग आडवा नेला. बैलगाडीच्या कण्याला दोन्ही टोकांना एकेक पायरी पाडली तर मधली साटी खाली येईल, तसे.

*तिसरी, टायर बसके घेतले,* आणि चाकांवर आतून उंच पेट्या बसवून त्यांच्यावर आसने ठेवली. लो फ्लोअर बसमध्ये काही आसनांवर चढून बसावे लागते, त्याचे कारण हे.

*चौथी, बसला गुडघे दिले.* पाट्यांऐवजी हवेच्या फुग्यांवर बस उभी केली. थांब्यावर ड्रायव्हर बटण दाबतो, दाराकडच्या फुग्यांतली थोडी हवा निघते आणि बस त्या अंगाने झुकते. फुस्स आवाज होतो आणि हत्ती बसतो.

जर्मनीच्या निओप्लानने १९७६ मध्येच अशा खालच्या तळाची शहर बस दाखवली होती. पण कारखान्यातून रांगेने निघणारी बस आली १९८९ च्या सुमारास : एमएएन कंपनीची एनएल २०२. तिचा तळ दारापाशी रस्त्यापासून सुमारे ३२० मिलिमीटर, म्हणजे फूटभर उंच होता, आणि झुकल्यावर त्याहून कमी. मर्सिडीजही मागोमाग होतीच. पुढच्या तीन-चार वर्षांत एमएएन, मर्सिडीज, निओप्लान आणि बेल्जियमची व्हॅन हूल यांच्या लो फ्लोअर जोडबस रस्त्यावर आल्या. दोन धागे एकत्र आले ते १९९० च्या दशकाच्या तोंडावर.

त्याच काळात कायदाही मदतीला आला. अमेरिकेत अपंगांच्या हक्कांचा मोठा कायदा १९९० मध्ये झाला आणि चाकाच्या खुर्चीला बसमध्ये जागा हवी, हा उपकार न राहता हक्क झाला. उत्तर अमेरिकेत न्यू फ्लायर कंपनीची पहिली लो फ्लोअर बस १९९१ मध्ये आली.

८. दोन छोटे हिशेब

वेळेचा हिशेब आधी करू. समजा एका थांब्यावर १० माणसे चढतात. पायऱ्या असतील तर प्रत्येकाला ४ सेकंद, नसतील तर अडीच. म्हणजे ४० सेकंद आणि २५ सेकंद. एका थांब्याला १५ सेकंद वाचले. मार्गावर असे ३० थांबे असतील तर ४५० सेकंद, म्हणजे एका फेरीला साडेसात मिनिटे. दिवसभरात तीच बस एखादी फेरी जास्त मारेल.

आता उताराचा हिशेब. चाकाची खुर्ची चढवायला फळी लावायची आहे. १ फूट चढायला ८ फूट लांब फळी, असा उतार धरू. तळ ९०० मिलिमीटर उंच असेल तर फळी ७.२ मीटर लांब लागेल, म्हणजे १२ मीटरच्या बसच्या निम्म्याहून मोठी. ती ठेवणार कुठे? झुकलेल्या लो फ्लोअर बसचा तळ २५० मिलिमीटरवर आणि पदपथ १५० मिलिमीटर उंच असेल तर फरक उरतो १०० चा. फळी पुरते फक्त ८० सेंटिमीटर. पण पदपथच नसेल तर त्याच बसला २ मीटरची फळी लागेल.

या दुसऱ्या हिशेबातला शेवटचा आकडा महत्त्वाचा आहे. लो फ्लोअर बस एकटी काम करत नाही. तिला नीट बांधलेला थांबा लागतो.

९. ओट्याचा मार्ग

ब्राझीलमधल्या कुरिचिबा शहराने हत्तीला उभेच ठेवले आणि ओटा बांधला. तिथे १९९१ पासून काचेच्या नळ्यांसारखी उंच स्थानके उभी राहिली. प्रवासी आधीच तिकीट काढून वर उभा राहतो, बस येते, फळी पडते आणि तो समपातळीत आत जातो, रेल्वेसारखा. १९९२ मध्ये तिथे दोन सांधे असलेली, तीन भागांची २५ मीटर लांब व्हॉल्व्हो बसही धावू लागली.

भारतात केंद्र सरकारने २००८ मध्ये शहर बसची मानके ठरवली, तेव्हा तळाच्या तीन उंची मान्य केल्या : ४००, ६५० आणि ९०० मिलिमीटर. ४०० म्हणजे बसणारा हत्ती, ९०० म्हणजे ओट्याला लागणारा, ६५० म्हणजे मधली तडजोड. बंगळुरूने २००६ मध्ये लो फ्लोअर व्हॉल्व्हो शहर सेवेत घातल्या. अहमदाबादने २००९ मध्ये जनमार्ग ही बससेवा सुरू करताना उंच स्थानके बांधून ओट्याचा मार्ग घेतला. पुण्यात बीआरटीचा, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकेचा, पहिला प्रयोग कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर डिसेंबर २००६ मध्ये झाला. मुंबईत फेब्रुवारी २०२३ मध्ये विजेवरची दुमजली बस आली, आणि दुमजली म्हटले की तळ खाली हवाच.

जोडबस भारतात व्हेस्टिब्यूल या नावाने ओळखली गेली. दिल्ली आणि चेन्नईने ती चालवली. लांब, वळणारी, पण उंच तळाची. म्हणजे आपल्याकडे एक धागा आला आणि दुसरा आला, पण त्यांची गाठ क्वचितच पडली.

१०. मग साखरखेर्ड्याला काय?

मेहकर–साखरखेर्डा मार्गावर १८ मीटरची लो फ्लोअर जोडबस सोडा, असे कुणी म्हणणार नाही. पहिल्याच गतिरोधकावर तिचे पोट घासेल आणि पावसाळ्यात पहिल्याच नाल्यावर ती अडकेल. खेड्यातल्या रस्त्याला उंच गाडीच लागते. तेव्हा हत्ती इथे बसणार नाही, हे मान्य करू.

पण ओट्याचे काय? एसटीच्या कोणत्याही मोठ्या स्थानकावर जाऊन नीट बघा. तिथे फलाट असतो, चांगला उंच बांधलेला, क्रमांक घातलेला. गाडी मात्र त्या फलाटाला तोंड लावून उभी राहते. फलाट बंपरपुढे आणि दार बाजूला, दोन गाड्यांच्या फटीत. प्रवासी फलाटावरून खाली रस्त्यावर उतरतो आणि मग तिथून पुन्हा गुडघ्याएवढी पायरी चढतो. हत्ती बसत नाही, आणि ओटा आहे तो सोंडेपुढे.

२६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्या नागरिकांना एसटीचा प्रवास मोफत झाला आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट. दोन्ही निर्णयांमुळे गाडीत वयस्क बाया-माणसे वाढली. तिकीट खाली आले, पायरी होती तिथेच राहिली.

गाडीचा तळ बदलायला नवी गाडी लागते. दाराच्या बाजूला लांबट ओटा बांधायला लागतात ते विटा, सिमेंट आणि एक गवंडी. पुढच्या वेळी तुमच्या स्थानकाच्या दुरुस्तीचे काम निघाले की ग्रामसभेत किंवा आगार व्यवस्थापकांना अर्ज देताना एवढीच एक ओळ लिहा : फलाट बसच्या दाराशी हवा.